तारेचे खांब आणि ऱ्हाईनचे पूल

युक्रेन युद्धावरची कुठलीही चर्चा घ्या, पाच-दहा मिनिटांत ती १९१९ किंवा १९३८ ला जाऊन पोहोचते. एक गट बजावतो, रशियाला कोपऱ्यात ढकलू नका, पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात जर्मनीचं नाक कापलं तेव्हा पुढे काय झालं ते आठवा. दुसरा गट बजावतो, इंचभरही देऊ नका, चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून देत म्युनिकला ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन हिटलरपुढे वाकला त्याचं फळ आठवा. दाखले दोन, युद्ध एकच, आणि निष्कर्ष एकमेकांच्या पार उलटे. पहिल्याच्या मते युद्ध पेटलं ते फार कडक वागल्यामुळे, दुसऱ्याच्या मते फार मऊ वागल्यामुळे. युक्रेनबाबत कोण बरोबर, हा वेगळा विषय. त्यात मी इथे पडत नाही. माझा आक्षेप दाखल्यांवर आहे. हे दोन्ही दाखले चुकीच्या तारखांवर बोट ठेवतात.

दुसरं महायुद्ध व्हर्सायच्या आरसेमहालात ठरलं नाही. आणि म्युनिक उजाडेपर्यंत ते स्वस्तात थांबवण्याची वेळ निघून गेली होती. ते ठरलं मार्च १९३० ते मार्च १९३६ या सहा वर्षांत, आधी बर्लिनमध्ये आणि मग जिनिव्हा, लंडन, पॅरिसमध्ये. ठरवणारी माणसं नावागावाची होती, बहुतेक सभ्य होती, आणि परराष्ट्राचा प्रत्येक प्रश्न आपल्या घरच्या राजकारणाच्या तागडीत तोलत होती. तहावर खापर फोडलं की ही माणसं सुटतात. एकट्या चेंबरलेनवर फोडलं तरीही सुटतात.

व्हर्सायचा मुद्दा पोकळ नाही, हे आधीच कबूल करायला हवं. २८ जून १९१९ ला ज्यावर सह्या झाल्या तो तह जर्मनीशी बोलणी करून झालाच नव्हता. मसुदा पुढे सरकवला, आणि सही करा नाहीतर आमचं सैन्य पुढे येईल, असा तो मामला होता. युरोपातला सुमारे १३ टक्के भूभाग गेला, वसाहती झाडून सगळ्या गेल्या, सैन्य १ लाखावर आणलं, रणगाडे, लढाऊ विमानं, पाणबुड्या बंद. कलम २३१ ने युद्धातल्या नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर टाकली, आणि समाजवाद्यांपासून राजेशाहीवाल्यांपर्यंत एकाही जर्मन पक्षाला ते पचलं नाही. ब्रिटिश अर्थखात्याकडून पॅरिसला गेलेले अर्थतज्ज्ञ केन्स राजीनामा देऊन परतले आणि वर्ष संपायच्या आत त्यांनी या तहाचे वाभाडे काढणारं पुस्तक बाजारात आणलं. पुढची वीस वर्षं इंग्लंडमधला शिकलेला माणूस तहाकडे केन्स यांच्याच नजरेने बघत राहिला. अपमान खरा होता. तो जर्मन मनात खोल गेला होता, हेही खरं.

पण ‘अपमान झाला’ आणि ‘म्हणून युद्ध झालं’ या दोन वाक्यांमध्ये वीस वर्षं आहेत. ती कोण भरून काढणार? १८७१ मध्ये जर्मनीने फ्रान्सकडून ५ अब्ज फ्रँक खंडणी आणि आल्सास-लॉरेन घेतलं. फ्रान्सने पैसे १८७३ पर्यंत फेडून टाकले, प्रांतांचं दुःख चाळीस वर्षं उराशी बाळगलं, पण त्या दुःखापोटी आपलं प्रजासत्ताक मोडून कुणा हुकूमशहाच्या हाती दिलं नाही. मार्च १९१८ मध्ये याच जर्मनीने ब्रेस्ट-लिटोव्हस्कला रशियाकडून युक्रेन, पोलंड आणि बाल्टिकचा पट्टा काढून घेतला होता. त्या तहाशेजारी व्हर्साय ठेवलं तर सौम्य वाटावं. १९२१ साली ठरलेला युद्धभरपाईचा १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचा आकडा आपल्याकडे नेहमी सांगितला जातो. त्यातले ८२ अब्ज ‘क’ वर्गाच्या रोख्यांत होते, म्हणजे जर्मनीची ऐपत होईल तेव्हा बघू या खात्यात. ते कधी वसूल होतील असं रोखे लिहिणाऱ्यांनाही वाटत नव्हतं. मोठा आकडा हवा होता तो फ्रान्स-ब्रिटनच्या मतदाराला दाखवायला. जर्मनीने सगळं मिळून भरले अदमासे २० अब्ज, आणि १९२४ नंतर त्याहून अधिक रक्कम परदेशी, मुख्यतः अमेरिकन, कर्जाच्या रूपाने तिच्याकडे आली. हंगेरीचा तर ट्रियानोंच्या तहात दोन तृतीयांश मुलूख गेला. व्हर्सायचं गणित लावायचं तर जग बुडापेस्टने पेटवायला हवं होतं.

आणि ज्या तीन देशांनी जग पेटवलं त्यांतले दोन, जपान आणि इटली, व्हर्सायला विजेत्यांच्या रांगेत बसले होते. जपानला पॅसिफिकमधली जर्मन बेटं मिळाली, राष्ट्रसंघाच्या कौन्सिलवर कायमची खुर्ची मिळाली. इटलीला ट्रिएस्ट आणि दक्षिण टायरॉल मिळालं. यांचा अपमान कुणी केला होता?

जर्मनीतलेच निवडणुकांचे आकडे घ्या. मे १९२८ मध्ये, तहाला नऊ वर्षं झाल्यावर आणि पोतंभर नोटांना पाव मिळेनासा झाला त्या १९२३ च्या महागाईला पाच वर्षं झाल्यावर, नाझी पक्षाला २.६ टक्के मतं पडली. जागा १२. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के आणि १०७ जागा. या सव्वादोन वर्षांत तह कडक झाला होता का? उलट सैल झाला होता. यंग योजनेने भरपाई कमी केली होती आणि जून १९३० मध्ये, मतदानाच्या जेमतेम अडीच महिने आधी, शेवटचा फ्रेंच सैनिक ऱ्हाईनकाठ सोडून गेला होता, मुदतीच्या पाच वर्षं अगोदर. बदललं होतं ते दुसरंच. वॉल स्ट्रीट कोसळली होती, कारखान्यांची फाटकं बंद होत होती, आणि जर्मन संसदेने स्वतःला बाजूला सारायला सुरुवात केली होती.

ही शेवटची गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते, म्हणून तिथे जरा थांबतो. १९३० च्या आरंभी बर्लिनमध्ये समाजवादी हेर्मान म्युलर यांचं बहुपक्षीय सरकार होतं. बेकारभत्त्याच्या निधीला भगदाड पडलं होतं. विम्याची वर्गणी पगाराच्या साडेतीन टक्के होती, ती चार करावी असं समाजवादी म्हणत होते. उद्योगपतींचा पक्ष ऐकायला तयार नव्हता. तडजोडीचा तोडगाही पुढे आला. तो म्युलर यांच्याच पक्षाने आणि कामगार संघटनांनी फेटाळला, आणि २७ मार्च १९३० ला सरकार गेलं. अर्ध्या टक्क्यावरून! अर्थात केवळ तेवढ्यावरून नाही. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांच्या भोवतीच्या सेनाधिकाऱ्यांनी संसदेवाचून चालणाऱ्या सरकारची जुळवाजुळव आधीच करून ठेवली होती. पण त्यांना दार उघडून दिलं ते लोकशाहीच्या बाजूच्या पक्षांनी. संसदेत बहुमत असलेलं वायमार जर्मनीचं, म्हणजे हिटलरपूर्व प्रजासत्ताकाचं, हे शेवटचं सरकार.

त्यानंतर आलेले चॅन्सेलर ब्रूनिंग राज्यघटनेतल्या आणीबाणीच्या कलम ४८ च्या वटहुकमांवर राज्य करू लागले. संसदेने वटहुकूम नामंजूर केला तर त्यांनी संसदच बरखास्त केली, तीही मंदीच्या ऐन भरात. आणि त्या निवडणुकीत १०७ नाझी आत आले. लोक बेकार होत असताना ब्रूनिंग पगार कापत होते, भत्ते कापत होते. इथे भरपाईवाल्यांना एक गुण द्यावा लागेल. आम्ही पैसे देऊच शकत नाही हे जगाला पटवणं हाही या कपातीमागचा एक हेतू होता. तहाची सावली इथे पडतेच. पण कपातीचा रस्ता त्यांनी निवडला, तहाने त्यांच्यावर लादला नाही. १९३२ च्या सुरुवातीला बेकार ६० लाखांवर गेले, आणि त्या अख्ख्या वर्षात राइशटागची, म्हणजे जर्मन संसदेची, बैठक फक्त १३ दिवस भरली. कम्युनिस्ट काय करत होते? समाजवादी हेच खरे फॅसिस्ट, ही मॉस्कोहून आलेली पोथी वाचत होते. नोव्हेंबर १९३२ मध्ये बर्लिनच्या वाहतूक संपात ते नाझींच्या खांद्याला खांदा लावून उभे होते.

त्याच महिन्यात नाझींची मतं वीस लाखांनी घटली, जागा २३० वरून १९६ वर आल्या. पक्षाची तिजोरी रिकामी होती. हिटलर उतरणीला लागला होता आणि तेव्हाच, ३० जानेवारी १९३३ ला, माजी चॅन्सेलर पापेन आणि हिंडेनबर्ग यांच्या मंडळींनी त्याला चॅन्सेलर केलं. मंत्रिमंडळात त्याच्यासह नाझी तिघेच, बाकी सगळे आपले, त्याला दोन महिन्यांत कोपऱ्यात दाबू, असा पापेनचा हिशेब. २३ मार्चला सर्वाधिकाराचा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला. विरोधातली ती ९४ मतं एकट्या समाजवाद्यांची. कम्युनिस्ट तोवर तुरुंगात किंवा भूमिगत होते. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने कायद्याच्या बाजूने मतं टाकली. यातला कुठला निर्णय व्हर्सायने घेतला?

आता दोस्तांकडे, म्हणजे फ्रान्स-ब्रिटनकडे, वळू. इथे व्हर्सायवाद्यांचा दुसरा, जास्त चांगला मुद्दा येतो. फ्रान्सने तह राबवून पाहिला होता की, आणि हात पोळून घेतले. जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन फौजा ऱ्हूर या जर्मनीच्या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यात घुसल्या. कारण? भरपाईपोटी द्यायचं लाकूड, त्यात तारेचे खांब आणि मग कोळसा, जर्मनीने वेळेवर दिलं नाही. कामगारांनी असहकार पुकारला, मार्क मातीमोल झाला, ब्रिटनने नाक मुरडलं, फ्रँकही घसरला आणि फ्रान्स कायमचा धसकला. मुद्दा बरोबर आहे, पण त्यातून निघतं ते भलतंच. तहात दोन गोष्टी होत्या, पैसा आणि सुरक्षा. पैसा सोडून देण्याजोगा होता. सुरक्षेची कलमं, म्हणजे लहान सैन्य आणि फ्रान्सच्या सरहद्दीलगतचा सैन्यमुक्त जर्मन प्रदेश ऱ्हाईनलँड, हा तहाचा कणा होता. तारेच्या खांबांसाठी फौज चालून गेली, आणि मार्च १९३६ मध्ये जर्मन पलटणी ऱ्हाईनचे पूल ओलांडून आल्या तेव्हा एकही फ्रेंच पलटण चालून गेली नाही. कडकपणा आणि मऊपणा दोन्ही होते, फक्त जागा चुकल्या होत्या.

वेळाही चुकल्या. जे लोकशाहीवाद्यांना नाकारलं ते त्यांच्या मारेकऱ्यांना दिलं गेलं. भरपाई संपवण्यासाठी ब्रूनिंगने स्वतःच्या देशाची उपासमार केली, पण ती संपली जुलै १९३२ मध्ये लोझानच्या परिषदेत, त्याच्यानंतर चॅन्सेलर झालेल्या पापेनच्या सहीने. ब्रूनिंगला त्याआधी सहाच आठवडे हाकललं होतं. ध्येय शंभर मीटरवर आलंय, असं तो अगदी अखेरीस संसदेला सांगत होता. १९३१ मध्ये त्याच्या सरकारने ऑस्ट्रियाशी जकात संघ मागितला तर पॅरिस खवळलं. १९३८ मध्ये हिटलरने अख्खी ऑस्ट्रिया घेतली तर निषेधाचे खलिते गेले.

फ्रान्सची बाजूही ऐकली पाहिजे. १९१९ मध्ये फ्रेंच पंतप्रधान क्लेमान्सो यांनी ऱ्हाईनवर सरहद्द नेण्याचा हट्ट सोडला तो अमेरिका आणि ब्रिटन यांच्या लेखी हमीच्या बदल्यात. अमेरिकन सिनेटने तह फेटाळला, हमीचा करार तर मतालाही टाकला नाही, आणि अमेरिकेच्या हमीला बांधलेली ब्रिटनची हमीही त्याबरोबर विरघळली. फ्रान्सने किंमत मोजली आणि माल मिळालाच नाही. पुढची पंधरा वर्षं ब्रिटन त्यालाच उपदेश करत राहिला की बाबा रे, इतका घाबरट कसा तू?

जिनिव्हात, म्हणजे राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात, झालेल्या फसवणुकीतली नावं मराठी वाचकाला अनोळखी नाहीत. सप्टेंबर १९३१ मध्ये जपानने मांचुरिया गिळायला घेतला. चौकशीला नेमले लॉर्ड लिटन, बंगालचे माजी गव्हर्नर. त्यांचा अहवाल सचोटीचा होता. तो ज्यांच्या टेबलावर आला ते ब्रिटिश परराष्ट्रमंत्री म्हणजे सर जॉन सायमन. होय, ज्यांना आपल्याकडे काळे झेंडे दाखवले तेच सायमन. डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनी जिनिव्हात असं तोलूनमापून भाषण केलं की जपानी प्रतिनिधी मात्सुओका यांनी त्यांचे आभार मानले: मी दहा दिवस मोडक्या इंग्रजीत जे सांगतोय ते तुम्ही अर्ध्या तासात सांगितलंत. दोन महिन्यांनी अहवाल ४२ विरुद्ध १ मताने मंजूर झाला आणि मात्सुओका उठून निघून गेले. जपानवर निर्बंध शून्य.

सायमन गेल्यावर आले सॅम्युएल होर, १९३५ चा भारत सरकार कायदा संसदेतून पार नेणारे. खुर्चीवर बसल्या महिन्यातच, १८ जूनला, जर्मनीला ब्रिटनच्या ३५ टक्के आरमार बांधायची मुभा देणारा करार झाला, फ्रान्सला न विचारता. जर्मनीविरुद्ध स्ट्रेसा इथे फ्रान्स आणि इटलीबरोबर एकजुटीच्या आणाभाका घेऊन तेव्हा दोन महिने झाले होते! ऑक्टोबरात मुसोलिनी अबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, चालून गेला. राष्ट्रसंघाने निर्बंध लावले, त्यातून तेल वगळलं, सुएझ कालवा उघडा ठेवला. इटलीची सैन्यवाहू जहाजं रीतसर टोल भरून कालव्यातून जात होती. डिसेंबरात होर आणि फ्रान्सचे पंतप्रधान लाव्हाल यांनी अबिसिनियाचा मोठा लचका मुसोलिनीला देण्याचा गुप्त आराखडा केला. तो फुटला आणि होर घरी गेले. ३० जून १९३६ ला अबिसिनियाचे सम्राट हायले सेलासी जिनिव्हात बोलायला उभे राहिले तेव्हा गॅलरीतून इटालियन पत्रकारांनी शिट्या मारल्या. पुढच्याच महिन्यात निर्बंध उठले.

म्हणजे ७ मार्च १९३६ च्या शनिवारी हिटलरने ऱ्हाईनलँडमध्ये सैन्य घातलं, ते डिसेंबरपर्यंतच्या या सगळ्याचा अंदाज घेऊनच. नदीच्या पश्चिमेला गेल्या त्या तीन बटालियन. फ्रान्समध्ये कामचलाऊ सरकार होतं, निवडणुका महिना-दीड महिन्यावर होत्या. सेनापती गामेलाँ म्हणाले, मोठ्या प्रमाणावर लामबंदी, म्हणजे राखीव सैनिकांना बोलावणं, केल्याशिवाय काही करता येणार नाही. मतदानाच्या तोंडावर कोण लामबंदी पुकारणार? लंडनमध्ये, भारतात मताधिकार समिती घेऊन आलेले लॉर्ड लोथियन यांच्या नावावर एक वाक्य आहे: जर्मन आपल्याच परसात तर जाताहेत. परसात गेले खरे, आणि तिथे त्यांनी तटबंदी बांधायला घेतली. तिच्यामुळे चेकोस्लोव्हाकिया, पोलंड अशा पूर्वेकडच्या मित्रांच्या मदतीला जर्मनीत घुसायची फ्रान्सची वाट बंद झाली. म्युनिकचा निकाल तिथेच लागला.

म्हणून चेंबरलेनच्या बचावात जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं मला मान्य आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये ब्रिटिश हवाई दलात स्पिटफायरची पहिली तुकडी नुकती कुठे उभी राहत होती, रडारची साखळी अपुरी होती, कॅनडा-दक्षिण आफ्रिका लढायला राजी नव्हते, आणि लोकांना युद्ध नको होतं. पण मिळालेलं वर्ष फक्त ब्रिटनला मिळालं का? चेकोस्लोव्हाकियाची तीसच्या वर डिव्हिजन आणि डोंगरातली तटबंदी लढाईविना गेली, स्कोडाचे कारखाने गेले, आणि मे १९४० मध्ये जर्मन सेनानी रोमेलच्या सातव्या पँझर डिव्हिजनने फ्रान्स तुडवला तो मुख्यतः चेक बनावटीच्या रणगाड्यांनी. लष्करी हिशेब बाजूला ठेवला तरी म्युनिकची ती रात्र उरतेच. ज्यांचा देश कापला जात होता त्यांचे दोन प्रतिनिधी, मास्तनी आणि मासारिक, हॉटेलात बसवून ठेवले होते. मध्यरात्र उलटल्यावर त्यांना बोलावून कागद हातात दिला. ते शंका विचारत होते आणि चेंबरलेन जांभया देत होते, असं मासारिक यांनी अहवालात लिहून ठेवलंय.

त्या वेळचे परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स म्हणजे आपले आयर्विन, गांधी-आयर्विन करारवाले. नोव्हेंबर १९३७ मध्ये ते हिटलरला त्याच्या डोंगरावरच्या घरी भेटले. गाडीतून उतरताना त्यालाच नोकर समजून कोट देणार होते. त्या भेटीत हिटलरने सल्ला दिला की भारताचा प्रश्न सोपा आहे, गांधींना गोळी घाला, भागलं नाही तर काँग्रेसच्या आणखी डझनभर पुढाऱ्यांना घाला. हे ऐकलेला माणूस, जो मिठाच्या सत्याग्रहानंतर गांधींशी समोरासमोर बसून बोलला होता, परत येऊन म्हणतो की या गृहस्थाशी जमवून घेता येईल. समजूतदार विरोधकाशी तडजोड करण्याची सवय त्यांना भारतात लागली होती, आणि ती त्यांनी तशीच बर्लिनला लावली. माझ्या मते हॅलिफॅक्स यांचं सगळं अपयश या एका चुकीच्या तुलनेत आहे.

चर्चिल तर ओरडून सांगत होते ना? सांगत होते. पण १९३१ पासून चार वर्षं ते तितक्याच जोरात भारताला काही दिलं तर साम्राज्य बुडेल असंही ओरडत होते, गांधींना अर्धनग्न फकीर म्हणत होते, आणि त्यापायी स्वपक्षाच्या नेतृत्वाशी भांडून बाहेर बसले होते. प्रांतिक सरकारं दिल्याने साम्राज्य बुडेल म्हणणाऱ्याचा जर्मन विमानांबद्दलचा आकडा सहकाऱ्यांनी का गंभीरपणे घ्यावा? ज्या प्रांतिक सरकारांना त्यांचा विरोध होता, त्यांतलंच एक मुंबईत बाळासाहेब खेरांचं आलं. आणि सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कुणालाही न विचारता भारताला युद्धात ओढल्यावर दोन महिन्यांत राजीनामा देऊन गेलं.

शेवटचा आक्षेप नेहमीचा: हे सगळं पश्चातबुद्धीचं शहाणपण, तेव्हाच्या माणसाला कसं कळणार? २६ एप्रिल १९३३ ला, हिटलरला सत्तेवर येऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, बर्लिनमधले ब्रिटिश राजदूत होरेस रंबोल्ड यांनी लंडनला एक लांबलचक खलिता पाठवला. हिटलरचं पुस्तक त्यांनी मुळातून वाचलं होतं. हा माणूस शांततेची भाषा बोलेल ती वेळ काढण्यासाठी, शस्त्रं जमवेल आणि मग पूर्वेकडे जाईल, हे त्यांनी त्याच्याच मजकुराच्या आधारे मांडलं. खलिता सायमन यांच्या खात्यात पोहोचला, मंत्रिमंडळात फिरला, पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांच्या नजरेखालून गेला. त्या दिवशी जर्मनीचं अधिकृत सैन्य १ लाखाचं होतं आणि ऱ्हाईनलँडमध्ये एकही जर्मन पलटण नव्हती. रंबोल्ड त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले.